शुक्रवारची डिस्क

काका गेल्यावर वरच्या मजल्यावर महिनाभर गाणं लागलं नाही, आणि त्या महिन्यात मी दोनदा चुकीच्या दिवशी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. कॅनडातल्या स्कारबरोत, त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी नऊ वर्षं भाड्याने राहिले. तेवढ्या काळात वार कळायला मला कॅलेंडर कधी लागलं नाही. तो छतातून कळायचा.

काकांकडे एक पेटी होती. एका जुन्या अमेरिकन सोल-फंक बँडची सगळी कारकीर्द तिच्यात भरलेली होती, अगदी पहिल्या खरखरीत रेकॉर्डिंगपासून म्हातारपणच्या मैफलींपर्यंत. अकरा माणसांचा बँड, त्यातले तिघे पितळी वाद्यांवर. बँडचं नाव इथे लिहीत नाही, कारण काकांच्या तोंडून ते मी फारसं ऐकलंच नाही. ते त्यांना ‘आपली मंडळी’ म्हणत. पेटीत सहा सीडी होत्या. काकांच्या लेखी हा योगायोग नव्हता.

“सहाच का? सात का नाहीत?” ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. “कारण सातव्या दिवशी बंद. ज्याने पेटी बनवली त्याला माहीत होतं.”

ते रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे पणजोबा कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. काका म्हणत, “पणज्याने घाणा बंद ठेवला, मी प्लेअर बंद ठेवतो. तेवढंच काय ते माझ्या हातात आहे.” रविवारी पहिली डिस्क, सोमवारी दुसरी, असं करत शुक्रवारी सहावी. रोज दुपारी साडेतीनचा चहा झाला की डिस्क लागायची. ते बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते आणि त्यांची पाळी साडेतीनला सुटायची. निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगातली साडेतीनची शिट्टी काही गेली नव्हती. शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथचा, शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा लावायची वेळ झाली की गाणं कुठेही असो, ते बटण दाबत. इकडच्या हिवाळ्यात अंधार पावणेपाचलाच पडतो, त्यामुळे सहाव्या डिस्कची शेवटची गाणी डिसेंबरात गायब व्हायची आणि मार्चमध्ये परत यायची, पक्ष्यांसारखी.

शनिवारी मात्र ते गाडी काढून सिनेगॉगमध्ये जात. मी एकदा विचारलं, “गाडी चालते आणि सीडी चालत नाही?”

“गाडी देवाकडे नेते,” ते म्हणाले. “सीडी माझ्याकडेच आणते.”

खोली भाड्याने देताना त्यांनी माझी जी मुलाखत घेतली, तशी वाचनालयाच्या नोकरीसाठीसुद्धा कुणी घेतली नव्हती. मी नागपूरहून येऊन वर्षच झालं होतं. हातात शिफारसपत्रं, पगाराचे कागद, सगळं घेऊन गेले होते. त्यांनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. मला खाली उभं केलं, स्वतः वर गेले आणि थोड्या वेळाने जिन्यावरून ओरडले, “खाली काय येतंय?”

“धप्प, धप्प,” मी ओरडले. “आणि मध्ये एक अडखळ.”

ते धावत खाली आले. किडकिडीत उंच माणूस, अंगात जांभळा बिनबाह्यांचा स्वेटर. बँडच्या फोटोतल्या कपड्यांच्या रंगाचा तो स्वेटर काकूंनी विणला होता, आणि तो फाटला की त्या तसाच दुसरा विणत. “अडखळ ऐकलीस? तुझ्याआधी चार जण येऊन गेले. सगळे म्हणाले, आवाज येतो. अरे, आवाज तर येणारच! अडखळ कुणाला आली नाही.” मग जिन्याकडे तोंड करून, “अहो, ऐकलं का? हिला खोली दिली.”

वरून काकू म्हणाल्या, “तिला विचारलंत का, तिला हवीय का ते?”

खाली फक्त बेस आणि ड्रम पोचत. गायक, पितळी वाद्यं, हे सगळं वरच्या लाकडात मुरून जायचं. पहिले सहा महिने मी ती गाणी कमरेखालूनच ओळखत होते. मग एका सणाला काकूंनी वर जेवायला बोलावलं, तेव्हा मी पहिल्यांदा गायकाचा आवाज ऐकला आणि नकळत म्हणून गेले, “अरे, याला शब्दपण आहेत!” काका त्यावर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांच्या मते माझं शिक्षण बरोबर क्रमाने चाललं होतं. “गाणं म्हणजे भात, आणि बेस म्हणजे पातेलं,” ते म्हणत. “भाताचं कौतुक जो तो करतो. एकदा पातेल्याशिवाय शिजवून दाखवा.”

मला ते ‘वाचनालय’ म्हणत. “काय वाचनालय, आज लवकर?” बर्फ पडला की पहाटे जांभळ्या स्वेटरवर जाड कोट चढवून ड्राइव्हवे शोव्हल करायचे, तेही तालात. फावडं दोनदा जवळ, एकदा लांब. डोक्यात चालू असलेलं गाणं संपल्याशिवाय हात थांबत नसे, त्यामुळे पुष्कळदा शेजाऱ्याचाही ड्राइव्हवे साफ होऊन जाई. शेजारी बिचारा आभार मानायला आला, तर काका म्हणाले, “थँक्स मला नको, गाणं लांब होतं.” यंत्रांचं त्यांना कानावरून कळायचं. एकदा माझं कपडे धुण्याचं मशीन चालू असताना वरून फोन आला, “डाव्या बाजूचा पाय सैल झालाय, खाली पुठ्ठा सरकव.” मी पुठ्ठा सरकवला आणि मशीन गप्प झालं.

मुलीने त्यांना सांगून पाहिलं होतं की हीच सगळी गाणी फोनवर मिळतात. मुलगी कॅल्गरीला असते. काकांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बोट फिरवलं आणि परत दिला. “आहेत की सगळी. पण वार नाहीत यात.”

या सगळ्या आनंदात एक माणूस कमी होता, आणि ते मला पुष्कळ उशिरा कळलं. काकांचे थोरले भाऊ कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात, लव्हालला राहत. दोघं पाठोपाठचे. भायखळ्याला तरुणपणी त्यांच्या बोटीवरच्या मामाने या बँडची एक रेकॉर्ड आणून दिली होती आणि दोघांनी ती झिजेपर्यंत ऐकली होती. कॅनडात आल्यावर दोघं त्या मंडळींच्या कार्यक्रमालाही गेले. तोवर मूळ गायक बँड सोडून गेला होता. नवा गायक मंचावर आला तसे थोरले उठले आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. काका शेवटपर्यंत आत थांबले. परतीच्या वाटेवर दोघं रागात होते, पण तो राग घरी पोचेपर्यंतचाच होता.

खरा राग पुढे कित्येक वर्षांनी, पेटीवरून झाला. पेटी निघाली तेव्हा काकांनी दोन मागवल्या. एक स्वतःला आणि एक थोरल्याला, सत्तरीची भेट म्हणून. दोन आठवड्यांनी लव्हालहून पार्सल आलं. त्यात चौथी, पाचवी आणि सहावी डिस्क होती आणि एक चिठ्ठी: ‘माझा बँड तिसरीपर्यंत. बाकीचं तुला ठेव.’

“अर्धी भेट परत करतं का कुणी?” काकांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगताना मला विचारलं. “नको तर सगळी नको म्हण. आवडली तर सगळी ठेव. माणसाच्या आयुष्याची पहिली तीन वर्षं ठेवून बाकीची परत पाठवतात का?” त्या पार्सलनंतर नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सणावाराला काकू फोन करायच्या, थोरले त्यांच्याशी बोलायचे आणि काका तेवढा वेळ वॉशरूममध्ये जाऊन बसायचे.

काकांच्या शेवटच्या हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी काकू कॅल्गरीला गेल्या. त्याच सुमारास थोरले लव्हालला बर्फावर घसरून पडले. फार लागलं नव्हतं, पण बायको आधीच गेलेली आणि घरात एकटा माणूस. काकूंनी कॅल्गरीहून दोन फोन केले. पहिला थोरल्यांना: धाकट्याकडे जाऊन राहा. दुसरा काकांना: थोरल्याला घ्यायला जा. थोरले तयार झाले, पण एका अटीवर. “बसस्टँडवर तो स्वतः आला पाहिजे. टॅक्सी पाठवली, कुणा पोराला पाठवलं, तर मी तिथल्या तिथे परत फिरेन.” काकूंनी मलाही फोन करून बजावलं, “दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. आता चुकले तर पुन्हा काही भेटत नाहीत. तू लक्ष ठेव गं.”

गुरुवार ठरला. काकांनी केस कापून घेतले. पाहुण्यांच्या खोलीतला दिवा बदलला. मनुका भिजवून शुक्रवारच्या सरबताची तयारी केली, नारळ आणून ठेवला, सुरमई आणून फ्रीझरमध्ये टाकली. भेटेल त्याला सांगत, “गुरुवारी एकला बस येते. मी साडेबारालाच जाऊन उभा राहणार.”

आता माझी चूक.

काकू नसल्यामुळे मी रोज वर जाऊन झाडांना पाणी घालत होते. मंगळवारी संध्याकाळी काका शेजाऱ्याकडे बसले होते. घर रिकामं होतं. मला त्या सगळ्यांत दुसरी डिस्क फार आवडायची आणि ती वरच्या मजल्यावर, शब्दांसकट, एकटीने कधी ऐकली नव्हती. मी प्लेअरमधली तिसरी काढून पेटीत ठेवली, दुसरी लावली, सोफ्यावर बसून ऐकली, झाडांना पाणी घातलं आणि खाली आले. दुसरी आतच राहिली.

काकांची पद्धत अशी होती की रात्री डिस्क यंत्रातच राहू द्यायची. सकाळी आत कालची डिस्क दिसली की आज तिच्या पुढची. घरात काकू असत्या तर त्यांच्या बोलण्यातून वार कळला असता. काकू नव्हत्या. बुधवारी सकाळी काकांनी झाकण उघडलं, आत दुसरी पाहिली, म्हणजे काल सोमवार होता असं धरलं आणि मंगळवारची तिसरी दुपारसाठी आत ठेवली. गुरुवारी त्यांचा बुधवार होता.

त्या दिवशी मी चारला सुटले. घराजवळ आले तर रस्त्याच्या कडेला टॅक्सी उभी, इंजिन चालू, आणि पायरीवर एक उंच म्हातारा सूटकेसवर हात ठेवून उभा. चेहरा काकांचाच, फक्त मिशी जास्त. आतून चौथी डिस्क दणदणत होती.

“तुम्ही थोरले काका,” मी म्हणाले.

“होतो,” ते म्हणाले. “अलोर,” म्हणजे ‘तर मग’, ही लव्हालची फ्रेंच सवय, “तू खालची ना? सांग तुझ्या घरमालकाला. दोन तास बसस्टँडवर उभा होतो. टॅक्सीतून फोन केला, तर उचलत नाही. घंटा वाजवून बोट दुखलं. आणि नऊ वर्षांनी दाराशी आलो तर मला काय ऐकवतोय? चौथी! बरोबर ती चौथी!” ते टॅक्सीकडे वळले. “कळला मला निरोप.”

तेव्हा मला काहीच उमगलं नव्हतं, एवढंच कळत होतं की हा माणूस टॅक्सीत बसता कामा नये. मी त्यांची सूटकेस उचलली, ती घेऊन बाजूच्या दाराने आत पळाले आणि वर जाऊन आवाज बंद केला. काका सोफ्यावर डोळे मिटून बसले होते, ते दचकले. मी पुढचं दार उघडलं.

दोघं भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. घरातली ऊब भसाभस बाहेर चालली होती.

“तू?” काका म्हणाले. “तू तर उद्या येणार!”

“आज येणार होतो. गुरुवारी.”

“गुरुवार उद्या.”

“गुरुवार आज आहे, गाढवा!”

“आज बुधवार. चौथी लागलीय, ऐकू नाही येत?”

“मी सकाळी बसमध्ये बसलो तेव्हा गुरुवार होता!”

“लव्हालला असेल!”

नऊ वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं हे असं. मी फोन पुढे केला, त्यावरचा वार दाखवला. काकांनी तो हाताने बाजूला सारला. मग त्यांची नजर प्लेअरकडे गेली आणि तिथून माझ्याकडे आली, आणि माझ्या डोक्यात मंगळवारची संध्याकाळ उघडली. मी सगळं सांगितलं. दुसरी डिस्क, झाडं, सोफा. सांगताना माझा आवाज वाचनालयातल्यापेक्षाही खाली गेला होता.

काकांनी कपाळावर हात मारला. “काल तिसरी ऐकताना वाटलं होतं, ही परवाच ऐकलीय. पण तिसरी मला नेहमीच परवा ऐकल्यासारखी वाटते.” मग ते अनवाणी पायांनी पायरीवरच्या बर्फात उतरले. “दादा, मी केस कापले रे तुझ्यासाठी. खरंच येणार होतो. साडेबारालाच.”

थोरल्यांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, मग पायांकडे. “आत हो आधी. मोजे कुठेत?” मग माझ्याकडे वळून, “म्हणजे हा माणूस वार डिस्कवरून ठरवतो? आणि याला कॅनडाने बसचे ब्रेक दुरुस्त करू दिले?” आणि ते हसायला लागले, दाराच्या चौकटीला धरून. टॅक्सीवाल्याला जायला मी सांगितलं.

चहा झाला. अर्धी राहिलेली चौथी काकांनी विचारूनच लावली. थोरले कप हातात धरून ताठ बसले होते, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसे. तिसऱ्या गाण्यात त्यांची मान हलली.

“हा ड्रमवाला कोण?”

“तोच.”

“तोच म्हणजे आपला?”

“आपलाच. तो कुठे गेला होता? फक्त गायक गेला.”

“मला वाटलं, सगळेच गेले.”

“पार्किंगमध्ये बसल्यावर काय दिसणार!”

थोरल्यांनी कप खाली ठेवला. “आवाज वाढव जरा,” ते म्हणाले.

हुकलेला दिवस भरून काढायला त्याच संध्याकाळी पाचवीही झाली. पाचवी ही विजेवरच्या वाद्यांची, काकूंच्या भाषेत डोकेदुखीची डिस्क. थोरल्यांनाही ती वाईटच वाटली. काका म्हणाले, “वाईट आहेच. पण पाचवी ऐकल्याशिवाय सहावीत त्यांना काय सापडलं ते कळत नाही.”

शुक्रवारी साडेतीनच्या चहानंतर सहावी लागली. तिच्यात मूळ गायक परत येतो. आवाज खाली उतरलेला, दम अपुरा, आणि नवा गायक शेजारी उभा राहून त्याची वरची जागा हळूच भरून काढतो. थोरल्यांना हे माहीतच नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर सरकून ऐकत राहिले. तीन गाणी उरली असताना काकांनी खिडकीकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

“अरे! तीन गाणी राहिलीत!”

“दिव्याची वेळ झाली,” काका म्हणाले. काकूंच्या काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल ओतून त्यांनी वात लावली. मनुकांच्या सरबतावर प्रार्थना झाली, सुरमईची नारळाच्या रसातली कढी झाली. जेवताना थोरले म्हणाले, “उद्या रात्री शब्बाथ संपला की ती तीन लाव. रविवारी सकाळी माझी बस आहे.”

“रविवारी पहिली. तीन आता पुढच्या शुक्रवारी.”

“तुझं डोकं फिरलंय.”

“हो,” काका म्हणाले, “कढी वाढू?”

थोरल्यांनी बस पुढे ढकलली. पुढच्या शुक्रवारी दोन गाणी राहिली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन. जानेवारी सरत होता, उजेड दर आठवड्याला सात-आठ मिनिटांनी वाढत होता आणि नेमका शुक्रवारचा चहाही तेवढाच लांबत होता. एकदा आलं सापडेना. एकदा दूध उतू गेलं. एकदा काकांना बिस्किटं आणायला दुकानात जावंच लागलं. काकू फेब्रुवारीत परत आल्या, त्यांनी दोन्ही भावांकडे पाहिलं आणि जांभळी लोकर आणून थोरल्यांसाठीही तसाच स्वेटर घातला विणायला. थोरले घरी गेले ते मार्चच्या मध्यात. त्या मधल्या शुक्रवारांपैकी एका शुक्रवारी माझी सुटी होती आणि मी वर चहाला होते. पावणेचार होऊन गेले होते, आणि काका स्वयंपाकघरात चहाची एकच कपबशी पुसत उभे होते.

मी हळू आवाजात म्हणाले, “काका, तीनला लावली तर सगळी बसेल की.”

त्यांनी कपबशी उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा पुसायला घेतली.

“कळतं मला.”

“मग त्यांना सांगा ना. बिचारे वाट बघतात.”

काकांनी बाहेरच्या खोलीत डोकावून पाहिलं. थोरले प्लेअरसमोर, सहावीचं पाकीट मांडीवर घेऊन, घड्याळाकडे पाठ करून बसले होते.

“तो लव्हालच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवायचा,” काका म्हणाले. “त्याला कळत नसेल होय?”